अण्णांच्या फियाटला कोणता रंग द्यावा?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: माझं माहेर रावेर तालुक्यातलं, मी भुसावळला असते. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९६८ सालची फियाट ११०० डिलाइट घेतली होती. केळीच्या हंगामात सावद्याला वॅगन भरायला ते हीच गाडी घेऊन जायचे. अण्णा गेल्यापासून गाडी मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. इंजिन भावाने चालू करून घेतलंय. येत्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी जाईन तेव्हा ती रंगवून आईच्या दारात उभी करायची आहे. पण रंगावरून घरात एकमत होत नाही. सध्या गाडी पांढरी आहे, तो रंग अण्णांनीच नंतर कधीतरी गावात मारून घेतला होता. आई म्हणते, मूळची फिकट आकाशी होती. काका म्हणतात, छे, हिरवट राखाडी होती. माझ्या मुलाला मॅट काळा हवाय, नाहीतर मिलिटरी हिरवा. जळगावचे पेंटर म्हणाले, पर्ल व्हाइट करा, वरून क्लिअर म्हणजे पारदर्शक थर मारू, काचेसारखी दिसेल. जुना रंग काढायची गरज नाही, घासून वरच मारू. कोणाचं ऐकू?

उत्तर:

ताई, रंगाकडे येतोच, पण पेंटरने तुम्हाला शेवटी जे सांगितलं, ‘घासून वरच मारू’, त्याला आधी स्पष्ट नाही म्हणा. बाकी सगळं त्यानंतर.

गावात मारलेला तो पांढरा रंग बहुधा सिंथेटिक एनॅमल असणार. आपण लोखंडी गेटला आणि खिडक्यांच्या गजांना लावतो त्याच जातीचा, हवेवर वाळणारा. तो स्वस्त असतो, कुठेही मिळतो आणि त्या काळी गावोगाव गाड्यांना मारला जायचा. अडचण अशी की त्याच्यावर आजचा टू-के म्हणजे हार्डनर घालून मारायचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग किंवा एनसी (नायट्रोसेल्युलोज लॅकर) मारला, की वरच्या रंगातलं थिनर खाली मुरतं, खालचं सिंथेटिक फुगतं आणि वरचा थर सुरकुततो. कधी हे डोळ्यादेखत होतं. कधी गाडी झकास होऊन घरी येते आणि पहिल्या उन्हाळ्यात रंग उठायला लागतो. तुमच्याकडे तर मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो. पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या गाडीच्या बॉनेटला दुपारी हात लावून बघा, म्हणजे त्या रंगाला काय सोसावं लागतं ते कळेल.

खात्री करायची असेल तर डिक्कीच्या आतल्या कडेला, जिथे दिसणार नाही अशा जागी, एनसी थिनरमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा मिनिटभर दाबून धरा. रंग विरघळून बोळ्याला लागला तर ते एनसी लॅकर. मऊ पडून फुगला, सुरकुतला तर सिंथेटिक. काहीच झालं नाही तर भट्टीत भाजलेलं एनॅमल किंवा टू-के. एवढी साधी परीक्षा आहे आणि चांगला मिस्त्री ती न सांगता करतो.

तेव्हा गाडी पत्र्यापर्यंत उघडी करावी लागेल. त्यासाठी पेंट रिमूव्हर लावून खरवडणं हा मार्ग वेळखाऊ असला तरी सुरक्षित आहे. कोणी सँडब्लास्टिंग सुचवलं तर खालच्या जाड भागांपुरतं करू द्या. छत, बॉनेट, दरवाजे यांच्या सपाट पत्र्यावर वाळूचा जोरदार मारा झाला की पत्रा ताणला जातो, लाटा पडतात आणि त्या पुढे पुट्टीखाली दडवाव्या लागतात. आणखी एक गोष्ट: त्या काळच्या रंगांत आणि प्रायमरमध्ये शिसं असू शकतं. म्हणून कोरडं घासून धूळ उडवू नका, पाणी लावून वॉटर पेपरनेच घासायला सांगा. खरवडलेला कचरा गोळा करून टाकायचा, गोठ्याच्या बाजूला झाडून लोटायचा नाही. मळ्यात लहान मुलं आणि गुरं असतात म्हणून मुद्दाम लिहितोय.

पत्रा उघडा पडल्यावर खरी गाडी दिसेल आणि मन घट्ट करून ती बघावी लागेल. या फियाटला वेगळी चासी नाही, बॉडी हाच तिचा सांगाडा आहे. दरवाज्यांखालच्या आडव्या पट्ट्या, फ्लोअर, चाकांवरच्या कमानी, हेडलाइटभोवतीचा पत्रा आणि बॅटरीखालचा ट्रे या जागा हमखास सडतात. या जागी पत्रा कापून नवा जोडायचा. पुट्टी ही शेवटची दोन-तीन मिलिमीटरची उणीव भरायला असते, भोकं बुजवायला नाही. साध्या लोहचुंबकाला पातळ कापड गुंडाळून ते गाडीवरून फिरवलं की कुठे पकड सैल होते ते लगेच समजतं. तिथे पुट्टीचा थर आहे असं समजा. काम चालू असताना भावाला मधूनमधून हे करायला सांगा. पेंटरला राग येणार नाही. आला, तर त्याचाही अर्थ कळेल.

आता मूळ रंग. आई आकाशी म्हणते, काका हिरवट राखाडी म्हणतात, आणि मला वाटतं दोघांचंही बरोबर असू शकतं. रंगाला बांधून धरणारं जे तेल-रेझिन असतं ते वर्षानुवर्षं अंधारात राहिलं की पिवळसर होतं. फिकट निळ्यावर पिवळी झाक चढली की डोळ्याला तो हिरवट दिसतो. आईने गाडी नवी असताना पाहिली असेल, काकांच्या डोळ्यांपुढे नंतरची असेल. जुन्या रंगीत फोटोवर मात्र विसंबू नका. त्या काळच्या प्रिंटमधला निळा भाग आधी उडतो आणि सगळा फोटो तांबूस होतो.

त्यापेक्षा गाडीलाच विचारा. दुसऱ्यांदा रंग मारणारे सहसा सुटे भाग काढत नाहीत, त्यामुळे मूळ रंग लपून राहतो. दरवाज्याच्या आतलं रेक्झिनचं पॅडिंग काढा. मागच्या सीटखाली बघा, डिक्कीतलं रबर उचला, नंबरप्लेटच्या मागे बघा, क्रोमच्या पट्ट्यांखाली बघा, डॅशबोर्डच्या खालून टॉर्च मारून बघा. आणि स्टेपनी! स्टेपनीचं रिम लोक विसरतात, त्यामुळे चाकांचा मूळ रंग तिथे सापडायची शक्यता चांगली असते.

बाहेरच्या पत्र्यावरही एक प्रयोग करा, रिमूव्हर लावण्याआधी. एखाद्या ठिकाणी, समजा मागच्या मडगार्डवर, आठ आण्याच्या नाण्याएवढी जागा सहाशे नंबरच्या वॉटर पेपरने पाण्यात गोल गोल घासायला लागा. मध्ये जास्त, कडेला कमी. थोड्या वेळाने झाडाच्या खोडाला असतात तशी वर्तुळं दिसू लागतील. सर्वांत बाहेर गावचा पांढरा, त्याच्या आत कदाचित एखादा राखाडी प्रायमर, मग अण्णांनी मध्ये कधी टचअप केलं असेल तर तो रंग, मग कारखान्याचा मूळ रंग, त्याचा प्रायमर आणि मधोमध चकचकीत पत्रा. या वर्तुळांचा दिवसाउजेडी, सावलीत फोटो काढून ठेवा. गाडीच्या आयुष्याची ती एकमेव लेखी नोंद आहे असं समजा. आईला मळ्यापर्यंत नेता आलं तर घासताना तिला शेजारी खुर्ची टाकून बसवा. तो रंग वर येताना तिने पाहिला पाहिजे.

मूळ रंग सापडला की त्यातला एखादा सुटा भाग, उदाहरणार्थ ग्लोव्ह बॉक्सचं झाकण, सोडवून घ्या. साबणाने धुवा, हलकं रबिंग कंपाउंड मारून वरची मरगळ काढा आणि काही दिवस खिडकीशी उजेडात ठेवा. अंधारामुळे आलेला पिवळेपणा उजेडात बराच कमी होतो. त्यानंतरच तो भाग मॅचिंगला न्या. जळगाव-धुळ्यात गाड्यांच्या रंगांची मोठी दुकानं आहेत. रंग वाचणारं यंत्र असलेलं दुकान निवडा. यंत्र नाण्याएवढी सपाट जागा वाचून फॉर्म्युला देतं. तो फॉर्म्युला छापून मागा आणि जपून ठेवा.

पण यंत्राचा निकाल शेवटचा मानू नका. त्या रंगाचा फवारा पत्र्याच्या एका तुकड्यावर मारून घ्या, आणि तो तुकडा सपाट नको, फियाटच्या मडगार्डसारखा थोडा वाकवलेला हवा. रंगाचं कार्ड सपाट असतं, गाडी कुठेच सपाट नसते. तो तुकडा ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाशेजारी धरून सकाळी बघा, भर दुपारी बघा, संध्याकाळी बघा आणि रात्री ट्यूबलाइटखाली बघा. उन्हात जुळलेले दोन रंग ट्यूबखाली वेगळे दिसू शकतात, कारण तेच दिसणं वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी साधलेलं असतं. सरळ बघा आणि तिरपंही बघा. घरातल्या सगळ्यांनी हो म्हटल्याशिवाय पुढचा डबा बनवू देऊ नका. हा टप्पा पेंटरला कटकटीचा वाटेल, पण तुमच्या पत्रातल्या निम्म्या भांडणाचं उत्तर इथेच आहे.

मुलाचं म्हणणं मी हलकं समजत नाही. आजोबांची गाडी त्याला आपलीशी वाटते म्हणून तर तो रंग सुचवतोय. पण त्याचे दोन्ही रंग इथे चालणार नाहीत.

मिलिटरी हिरवा तर कायद्यानेच बाद आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १२१व्या नियमाप्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना वापरता येतो. जीपवाले तो सर्रास मारतात, म्हणून तो चालतो असा समज झालाय.

मॅट काळ्याबद्दल जरा सविस्तर सांगतो. मॅट म्हणजे ज्याचा पृष्ठभाग मुद्दाम सूक्ष्म खडबडीत ठेवलाय असा थर. त्याला पॉलिश करता येत नाही. पॉलिश केलं की तिथेच चकाकी येते आणि तो डाग कायमचा. एका जागी ओरखडा गेला तर तेवढाच भाग दुरुस्त करता येत नाही, पूर्ण दरवाजा किंवा पूर्ण बॉनेट पुन्हा मारावं लागतं. आता तुमची गाडी कुठे उभी असते? केळीच्या मळ्यात. केळीच्या चिकाने कपड्यांचं काय होतं ते रावेरच्या माणसाला सांगायला नको. मॅटच्या खडबडीत पृष्ठभागात तो चीक शिरला की घासून काढायची सोयच नाही. काळ्या रंगाचं ऊनही आहेच. फिकट गाडीपेक्षा काळी गाडी उन्हात कितीतरी जास्त तापते, आणि जुन्या फियाटला एसी नाही. त्यात बोअरच्या क्षाराच्या पाण्याने गाडी धुतली की काळ्यावर पांढरे ठिपके उमटतात. शिवाय काळा रंग पत्र्यातली प्रत्येक लाट उघडी करतो, फिकट रंग ती सांभाळून घेतो. पंचावन्न वर्षांहून जुन्या, ठोकून सरळ केलेल्या पत्र्याला हे महत्त्वाचं आहे.

मुलाला वाटत असेल की जुन्या गाड्या म्हणजे काळ्याच. हा समज बऱ्याच अंशी फोर्डच्या मॉडेल टीमुळे आला. पण तीही १९१४ ते १९२५ एवढ्या काळातच फक्त काळ्या रंगात मिळत होती, आधी आणि नंतर इतर रंग होते. १९२०च्या दशकात लवकर वाळणारी नायट्रोसेल्युलोज लॅकर आली, रंगकामाला लागणारे आठवडे तासांवर आले आणि गाड्या रंगीबेरंगी झाल्या. आपल्याकडे तर काळी फियाट म्हटलं की कोणाच्याही डोळ्यांसमोर मुंबईची काळी-पिवळी टॅक्सीच येते. ती गाडी मुंबईची शान होती, २०२३च्या ऑक्टोबरमध्ये शेवटची पद्मिनी (याच फियाटचं नंतरचं नाव) टॅक्सी रस्त्यावरून गेली तेव्हा अनेकांना गलबलून आलं. पण अण्णांची गाडी टॅक्सी नव्हती. मुलाला हे समजावून सांगा आणि मूळ रंग शोधायचं घासकाम त्याच्याच हाती द्या. आपल्या हाताने खालचा रंग काढलेला मुलगा नंतर मॅटचं नाव काढणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

पर्ल व्हाइटबद्दल पेंटरचा हेतू वाईट नाही, नव्या गाड्यांवर रोज तो तेच काम करतो. पर्लला तीन थर लागतात: खाली पांढरा बेस, त्यावर पर्लचा पातळ फवारा, वर क्लिअर. मधला फवारा किती हलका-जड पडला यावर झाक बदलते. उद्या एका दरवाज्याला काही लागलं तर तो दरवाजा बाकीच्या गाडीशी जुळवताना चांगल्या चांगल्यांची दमछाक होते. आणि १९६८च्या फियाटच्या रेषा त्या झगमगाटात हरवतात. तिची जुनी चमक वेगळी होती, खोल आणि जराशी मऊ. क्लिअरच्या जाड थराने येणारा ओला, काचेसारखा लखलखाट तिच्या क्रोमच्या पट्ट्यांशी भांडतो.

म्हणून माझं मत: सापडलेला मूळ रंग, सॉलिड म्हणजे मेटॅलिक किंवा पर्ल नसलेला, टू-के पीयूमध्ये, सिंगल स्टेज, वरून क्लिअर न मारता. पूर्ण ग्लॉस. मारून झाल्यावर कडक वाळू द्यायचा, मग पंधराशे-दोन हजार नंबरच्या वॉटर पेपरने हलकं सपाट करून कंपाउंडने पॉलिश करायचं. यंत्राने आलेली कोरी चमक त्यामुळे जरा शांत होते आणि हाताने पॉलिश केलेल्या जुन्या गाडीच्या जवळ जाते. पुढे बारीक ओरखडे आले तरी त्याच रंगाच्या थरात पॉलिश करून काढता येतात. पॉलिश करताना फडक्याला थोडा रंग लागेल, घाबरू नका, सिंगल स्टेजचा तो स्वभावच आहे. अस्सलपणाचे फार आग्रही लोक एनसीच हवं म्हणतात. एनसीची खोली सुंदर असते हे खरं, पण तो पातळ बसतो, त्याला थरावर थर लागतात, वरचेवर पॉलिश लागतं आणि उन्हात तो लवकर मरतो. घरची वापरातली गाडी आहे, टू-केच बरा.

रंगाच्या खालची उतरंड पेंटरशी आधीच बोलून ठरवा. उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर, कारण पत्रा उघडा राहिला की हवेतल्या ओलीने तांबूस पडायला लागतो. त्यावर गरजेपुरती पुट्टी, मग सरफेसर, म्हणजे घासून सपाट करायचा जाडसर प्रायमर. सरफेसरवर काळ्या रंगाचा हलका, विरळ फवारा मारून लाकडी किंवा रबरी ब्लॉकने घासायचं. जिथे काळे ठिपके शिल्लक राहतील तो खड्डा, जिथे पटकन निघून जाईल तो उंचवटा. हाताच्या बोटांनी घासू देऊ नका, बोटांच्या चऱ्या पडतात आणि ग्लॉस रंगात त्या उन्हात उठून दिसतात. रंगाच्या आधीचं शेवटचं घासणं सहाशेच्या आसपासच्या पेपरने. बरेचसे पैसे आणि वेळ इथेच जाणार आहे, रंगाच्या डब्यात नाही. कोटेशनमध्ये हे टप्पे वेगवेगळे लिहून मागा, आणि अॅडव्हान्सही टप्प्याटप्प्यानेच द्या.

मूळ रंगच द्यायचा याचा एक मोठा फायदा राहिलाच. रंग बदलला की तो आतही बदलावा लागतो: दरवाज्यांच्या फटी, इंजिनभोवतीचा पत्रा, डिक्कीचा आतला भाग, डॅशबोर्डचा रंगवलेला पत्रा. नाहीतर दार उघडलं की दुसरीच गाडी दिसते. मूळ रंग ठेवला तर यातले चांगल्या अवस्थेतले भाग नुसते साफ करून ठेवता येतील. एक विनंती आहे: मागच्या सीटखालचा तळहाताएवढा मूळ रंग तसाच राहू द्या. जुनी वाहनं जपणाऱ्यांची फिवा नावाची जागतिक संघटना १९६६ पासून आहे, तिथेही मूळ अंश टिकवण्यावर भर असतो. पुढे कोणी पुन्हा रंग द्यायला घेतलाच तर त्याला यंत्राच्या फॉर्म्युल्यापेक्षा हा तुकडा जास्त कामी येईल. सीटचं रेक्झिन बदलणार असाल तर रंगाचा नमुना हातात आल्यावरच त्याचा रंग ठरवा. उलटं केलंत तर जमत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. आरसीवर रंगाची नोंद काय आहे ते आज बघा. मूळ रंगाची असेल तर उत्तमच, आई आणि काका यांच्यातला वादही मिटेल. नोंद वेगळी असेल तर जळगावच्या आरटीओत रंगबदलाची नोंद करून घ्या, नाहीतर पुढे नूतनीकरणात किंवा विम्याच्या दाव्यात अडेल. गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी असल्याने २०२१च्या नियमांप्रमाणे विंटेज नोंदणीचाही पर्याय आहे. त्यात ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो, नोंदणी दहा वर्षांची, शुल्क वीस हजार आणि नूतनीकरणाला पाच हजार. पण मग गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, देखभाल अशा कारणांपुरतीच बाहेर काढता येते. तुम्हाला ती आईला घेऊन रावेरच्या बाजाराला न्यायची असेल तर त्या वाटेला जाऊ नका, साधी नोंदणीच नूतन करून चालवा.

वेळेचा हिशेब. दिवाळी नुकतीच झालीय, आखाजीला पाच-साडेपाच महिने आहेत. रंग खोलणं आणि पत्राकाम डिसेंबर-जानेवारीत होऊ द्या, रंगाचा फवारा फेब्रुवारीत. एप्रिलच्या उन्हात मारायला गेलात तर थिनर पत्र्यावर पोचण्याआधीच उडतं, रंग पसरत नाही आणि संत्र्याच्या सालीसारखा दाणेदार बसतो. थंडीतही पहाटे मारू नये, पत्रा गार आणि दमट असतो. ऊन वर आल्यावर, दहा-अकरानंतर सुरू करायला सांगा. आणि आपल्या खान्देशात या दिवसांत आणखी एक अडचण असते, कापसाची. सरकी काढणारे जिनिंग कारखाने चालू असतात, रस्त्याने कापसाच्या गाड्या वाहतात आणि हवेत तंतू तरंगत असतात. ओल्या रंगात एक तंतू बसला की तो काढताना केसाएवढी चरी पडते. गॅरेज जिनिंगच्या वाऱ्याला नसावं, बंद बूथ असेल तर फारच चांगलं. नसेल तर जमिनीवर पाणी मारून, भिंतींना ओली ताडपत्री लावून, शेवटी टॅक क्लॉथने, म्हणजे धूळ टिपणाऱ्या चिकट फडक्याने, पत्रा पुसूनच फवारा मारावा. सिंथेटिकऐवजी टू-के घ्या म्हणतो त्याचं हेही एक कारण आहे. सिंथेटिक तासन्‌तास चिकट राहतं आणि तेवढा वेळ हवेतलं सगळं ओढून घेतं.

रंग झाल्यावर महिनाभर तरी मेण किंवा कोटिंग लावू नका, आतलं थिनर बाहेर पडू द्या. प्लॅस्टिकचं कव्हर कधीच नको, आत घाम साचतो, रंगावर फोड येतात. सुती कव्हर घ्या, तेही गाडीवरची धूळ काढल्यावरच घाला. केळीचा चीक किंवा पाखरांची विष्ठा पडली तर वाळू न देता ओल्या मऊ फडक्याने टिपून काढा, घासू नका. उरलेला रंग, हार्डनर न मिसळलेला, अर्धा लिटर तरी घट्ट झाकणाच्या डब्यात मागून घ्या. हार्डनर मिसळलेला रंग त्याच दिवशी डब्यात दगड होतो, तो ठेवून उपयोग नाही. डब्यावर तारीख आणि फॉर्म्युल्याचा नंबर लिहा.

आणि पेंटरच्या छातीचा विचार करा, ही गोष्ट मला सर्वांत जास्त बोलून दाखवायचीय. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते श्वासातून गेलं की दमा लागू शकतो, आणि एकदा शरीराला त्याची अॅलर्जी बसली की पुढे थोड्याशा वासानेही त्रास होतो. आपल्याकडचे किती कारागीर नाकाला रुमाल बांधून हे काम करतात, तुम्ही पाहिलं असेल. रुमालाने काही थांबत नाही, साध्या कापडी मास्कनेही नाही. बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मास्क सर्वांत चांगला. त्यांच्याकडे तो आहे का ते जळगावला गेल्यावर सरळ विचारा. नसेल तर त्याचा खर्च तुमच्या कोटेशनमध्ये धरायला सांगा, आणि फवारा चालू असताना मुलाला, भावाला, कोणालाच गॅरेजमध्ये बघत उभं राहू देऊ नका.